दीड हात दोरा: पहिल्यांदा आयब्रो करताना

परभणी जिल्ह्यातल्या सेलूत कापूस क्विंटलवर मोजतात. हंगामात बाजार समितीकडे गाड्यांची रांग लागते, जिनिंगच्या आवारात पांढरे ढीग चढतात आणि भाव चढला की पडला यावर चहाच्या टपऱ्या दिवसभर गजबजतात. याच गावात, पडदा लावलेल्या एखाद्या पुढच्या खोलीत, कापसाचा हिशेब हातावर होतो. रिळावरून दीड हात सुती दोरा ओढायचा, तोडायचा, की एका चेहऱ्याचं काम भागतं.

ही खोली म्हणजे पार्लर, आणि तिथे सगळ्यात जास्त मागणी असते ती आयब्रोला. कागदोपत्री तिला थ्रेडिंग म्हणतात. बोलताना मात्र ‘आयब्रो करून आले’ एवढंच. पहिल्यांदा जाणाऱ्यांत बारावी संपवून कॉलेजला लागलेली मुलगी असते, साखरपुड्याची तारीख ठरलेली तरुणी असते, आणि ‘इतकी वर्षं केलं नाही, आता काय’ म्हणत म्हणत शेवटी जाऊन बसणारी चाळिशीतली वहिनीही असते. तिघींचे प्रश्न मात्र तेच. दुखतं का? किती दिवस टिकतं? केस जाड होऊन येतात का? आणि बिघडलं तर?

या प्रश्नांची उत्तरं पुढे क्रमाने दिली आहेत. त्या सगळ्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येईल, ती आधीच सांगून ठेवते: पहिल्या वेळी कमी काढायचं. राहिलेला केस दोन मिनिटांत काढता येतो. गेलेल्या केसाची वाट पाहावी लागते.

भुवई कशासाठी असते

कपाळावरून ओघळणारा घाम थेट डोळ्यांत न जाता बाजूला वळावा, हे भुवईचं साधं काम. मे महिन्यात परभणी जिल्ह्याचा पारा चाळीसच्या वर गेला की त्याची किंमत कळते. दुसरं काम बोलण्याचं. राग, आश्चर्य, शंका, थट्टा हे सगळं तोंड उघडण्याआधी भुवई सांगून मोकळी होते.

तिसरं काम सहसा लक्षात येत नाही: माणूस ओळखू येणं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याबद्दल एक प्रयोग केला आणि तो २००३ साली प्रसिद्ध झाला. प्रसिद्ध व्यक्तींच्या काही छायाचित्रांतून डोळे पुसले, काहींतून भुवया पुसल्या आणि लोकांना ओळखायला सांगितलं. डोळे नसलेले चेहरे लोकांनी जास्त ओळखले. भुवया नसलेले चेहरे ओळखणं अवघड गेलं. भुवईचा आकार बदलला की ‘चेहराच बदलला’ असं जे बायका म्हणतात, त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

भुवईच्या केसाचं आयुष्यही वेगळं असतं. डोक्यावरचा केस काही वर्षं वाढत राहतो, म्हणून वेणी कमरेपर्यंत जाते. भुवईच्या केसाचा वाढीचा काळ जेमतेम एक-दोन महिन्यांचा. नंतर तो थांबतो, काही काळ तसाच राहतो आणि गळून पडतो. म्हणून भुवई कधी डोळ्यांवर लोंबत नाही. सगळे केस एकाच वेळी एकाच टप्प्यात नसल्यामुळे आज काढलेले काही केस लवकर दिसू लागतात, काही उशिरा.

दोरा केस कसा धरतो

शर्टाच्या बटणात दोरा ओवून केलेली भिरभिरी आठवते का? दोन्ही हातांनी दोरा ताणला की पीळ सुटतो, सैल सोडला की पुन्हा चढतो. आयब्रोचा दोरा साधारण त्याच पिळाच्या जोरावर चालतो.

दोऱ्याचं एक टोक पार्लरवाल्या ताई दातात धरतात किंवा गळ्याभोवती अडकवतात. उरलेल्या दोऱ्याचा फास करून दोन्ही हातांच्या बोटांवर घेतात आणि मध्ये सात-आठ वेढ्यांचा पीळ देतात. एका हाताची बोटं उघडली की पीळ दुसऱ्या बाजूला सरकतो. ती मिटून दुसऱ्या बाजूने ताण दिला की परत येतो. या सरकत्या पिळाच्या वेढ्यांमध्ये केस सापडतो, आवळला जातो आणि मुळासकट ओढला जातो. दोरा त्वचेवर टेकलेला असतो, पण त्वचेला चिकटत नाही. वॅक्समध्ये केसांबरोबर त्वचेचा वरचा पातळ थरही थोडा निघतो; इथे तसं होत नाही. म्हणून डोळ्याजवळच्या नाजूक जागेला दोरा बरा पडतो.

दोरा सुतीच का? सुताला बारीक खरखरीतपणा असतो, त्यामुळे केसाची पकड बसते. नायलॉनसारखा गुळगुळीत दोरा केसावरून घसरतो, आणि ताण दिला तर त्वचेला कापतो.

प्लकरपेक्षा वेगळेपणा एवढाच की प्लकर एकेक केस वेचतो, दोरा मात्र एका झटक्यात सरळ रेषेतले अनेक केस उचलतो. त्यामुळे कडा रेखीव येते आणि काम लवकर होतं. धोकाही त्यातच आहे. हात जरा वर गेला तर एका झटक्यात अख्खी ओळ जाते.

या कामाला वीज लागत नाही, ही तालुक्याच्या गावात मोठी सोय. वीज गेली की वॅक्सचं हीटर थंड पडतं, पण ताई खुर्ची खिडकीजवळ ओढतात आणि दोरा चालूच राहतो.

ही कला कुठकुठे आहे

दोऱ्याने केस काढण्याची रीत फार जुनी आणि फार पसरलेली आहे. इराणमध्ये तिला ‘बंद अंदाजी’ म्हणतात. ‘बंद’ म्हणजे दोरा. तिथे जुन्या रिवाजात मुलीचा चेहरा पहिल्यांदा दोऱ्याने साफ होई तो लग्नाच्या वेळी. अरब देशांत तिला ‘खैत’ म्हणतात, त्याचाही अर्थ दोराच. इजिप्तमध्ये ‘फतला’ हे नाव चालतं. चीनमध्येही हीच रीत आहे आणि तिथेही लग्नाआधी नवरीच्या चेहऱ्यावरची लव दोऱ्याने काढत. त्या विधीच्या नावाचा अर्थच ‘चेहरा उघडणं’ असा होतो.

आपल्याकडेही ‘लग्नाआधी आयब्रो नको’ म्हणणाऱ्या आज्या भेटतात. कुठल्याही शास्त्रात तसं सांगितलेलं नाही. भुवई कोरलेली मुलगी म्हणजे लग्न ठरलेली मुलगी, एवढीच ती जुनी समजूत. लव काढणं मात्र आपल्या घरांना नवं नाही. तान्ह्या बाळाच्या कपाळावर आणि पाठीवर कणकेचा किंवा डाळीच्या पिठाचा गोळा फिरवून लव काढणाऱ्या आजीने पुढे नातीच्या आयब्रोला नाक मुरडावं, यातली गंमत त्या आजीलाही कळते. पुरुषांचंही तसंच. सलूनमध्ये दाढी झाली की गालाच्या वरच्या भागातली लव न्हावी दोऱ्यानेच काढतात. तिथे कुणी त्याला नटणं म्हणत नाही.

परदेशी गेलेल्या भारतीय बायकांबरोबर हा दोराही गेला आणि एकदा तर थेट कोर्टात पोचला. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात फक्त दोऱ्याचं काम करणाऱ्यांनाही ७५० तासांचं सौंदर्यप्रसाधनाचं प्रशिक्षण सक्तीचं होतं. आमच्या कामाशी याचा फारसा संबंध नाही, अशी तक्रार घेऊन काही जण कोर्टात गेले. पटेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ही सक्ती राज्यघटनेविरुद्ध ठरवली.

आपल्याकडे शिकण्याच्या वाटा वेगळ्या. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा वर्षभराचा अभ्यासक्रम असतो. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत ब्युटी पार्लरचा साधारण महिनाभराचा कोर्स चालतो. आणि कितीतरी जणी दुसऱ्या पार्लरमध्ये हाताखाली राहून शिकतात. दोरा धरायला शिकताना आधी स्वतःच्या पायावरचे केस काढून सराव होतो, मग मैत्रिणीच्या हातावर, आणि चेहरा सगळ्यात शेवटी.

कधी जावं

पहिली वेळ कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ठेवू नका. केस ओढल्यावर त्या जागी लाली येते, कधी बारीक पुरळ उठतं. बहुतेकींची लाली तासा-दोन तासांत उतरते, पण तुमची त्वचा कुठल्या प्रकारात बसते हे पहिल्या वेळेशिवाय कळत नाही. साखरपुडा, डोहाळजेवण किंवा कॉलेजचं गॅदरिंग असेल तर चार-पाच दिवस आधी जा. लग्नच असेल तर महिनाभर आधी एकदा करून पाहा आणि लग्नाआधी तीन-चार दिवसांवर पुन्हा करा.

महालक्ष्म्यांच्या आधीचे दोन दिवस, दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणारी लग्नसराई या काळात पार्लरमध्ये बाकड्यावर जागा मिळत नाही. गर्दीत हात घाईने चालतो. पहिल्यांदा जाणारीने साधा दिवस आणि रिकामी वेळ निवडावी. उन्हाळ्यात संध्याकाळ बरी; काम झाल्यावर लगेच उन्हात गाडीवर निघालात तर घाम आणि धूळ दोन्ही त्या ताज्या जागेवर बसतात.

पाळीच्या आधीच्या दिवसांत काहींना दुखणं जास्त जाणवतं. तुमचा तसा अनुभव असेल तर ते दिवस टाळा.

पार्लर कसं पारखावं

मोठा बोर्ड, भिंतीवर नट्यांचे फोटो आणि फिरती खुर्ची यावरून हात कळत नाही. हात कळतो तो ज्यांच्या भुवया तिथे होतात त्यांच्या चेहऱ्यावरून. शेजारीण, मैत्रीण, शाळेतल्या बाई, ज्यांच्या भुवया तुम्हाला साध्या आणि नीट वाटतात, त्यांना विचारा.

आत गेल्यावर या गोष्टी पाहा.

दोरा: तुमच्यासाठी रिळावरून नवा दोरा तोडला पाहिजे. आधीच्या बाईचा दोरा तुमच्या चेहऱ्यावर चालता कामा नये. यात संकोच धरू नका. ‘ताई, नवीन दोरा घ्या हं’ एवढं हसून म्हटलं तरी पुरतं.

दात की गळा: दोऱ्याचं टोक दातात धरण्याची पद्धत सर्रास आहे आणि त्यात ताण चांगला मिळतो. पण लाळ दोऱ्याला लागते. गळ्याभोवती टोक अडकवून काम करणाऱ्या ताई मिळाल्या तर उत्तम. दातातच धरत असतील तर तोंडातलं टोक तुमच्या त्वचेवर येणार नाही एवढं पाहा.

हात: आधीचं गिऱ्हाईक उठल्यावर हात धुतले का? कात्री आणि प्लकर स्पिरिटने पुसले का? कपाळावर बांधायचा पट्टा आणि मानेवरचा टॉवेल स्वच्छ आहे का?

उजेड: भुवईचं काम अंदाजाने होत नाही. समोरून चांगला उजेड हवा.

पैसे आधी विचारून घ्या. दहाच्या काही नोटांत भागणारं हे काम आहे. पण आयब्रोबरोबर अप्परलिप, फोरहेड, चिन असं एकेक नाव पुढे येतं आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे असतात. पहिल्या दिवशी फक्त भुवया करा. त्वचा कशी वागते ते पाहा, बाकीचं पुढच्या वेळी.

खुर्चीत बसण्याआधी काय सांगावं

बहुतेक बिघाड दोऱ्यामुळे होत नाही, न बोलल्यामुळे होतो. तुम्ही गप्प बसलात तर ताई त्यांच्या सवयीचा आकार देतात, आणि तो आकार प्रत्येक चेहऱ्याला शोभेल असं नाही. एक वाक्य पाठ करून जा: ‘ताई, पहिल्यांदाच करतेय. आकार बदलू नका, बाहेर आलेले केस तेवढे काढा.’

याचा अर्थ असा. प्रत्येक भुवईचा स्वतःचा एक आकार असतो, त्याच्या खाली पापणीकडे काही विखुरलेले केस असतात आणि दोन भुवयांच्या मध्ये काही असतात. पहिल्या वेळी एवढेच काढले तरी चेहरा उजळल्यासारखा दिसतो. वरच्या कडेला शक्यतो हात लावू देऊ नका. भुवईची उंची तिथे ठरते.

मापासाठी घरीच आरशासमोर एक पेन्सिल घेऊन बसा. नाकपुडीच्या बाहेरच्या कडेवर पेन्सिल सरळ उभी धरा. ती जिथे भुवईला लागते तिथून भुवई सुरू व्हावी. समोर पाहताना पेन्सिल नाकपुडीपासून बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून नेली की कमानीची उंच जागा सापडते. तीच पेन्सिल डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून नेली की भुवईचं टोक कुठे संपावं ते कळतं. दोन भुवयांच्या मधलं अंतर या मापापेक्षा वाढवू नका. नाक रुंद दिसू लागतं.

दोन्ही भुवया तंतोतंत सारख्या नसतात, कुणाच्याच नसतात. एकीला दुसरीसारखी करण्याच्या नादात आधी ही थोडी, मग ती थोडी असं होत दोन्ही दोऱ्यासारख्या बारीक झालेल्या बायका आपण पाहिल्या आहेत.

खुर्चीतली दहा मिनिटं

चष्मा काढा, लेन्स असतील तर घरीच काढून या. केस मागे बांधले जातात. भुवईवर थोडी टाल्कम पावडर लावतात; ती घाम आणि तेल शोषते, त्यामुळे केस मोकळे होतात आणि पकड नीट बसते.

मग तुमचं काम सुरू होतं. ‘डोळे मिटा आणि ताणून धरा.’ एका हाताची बोटं पापणीवर ठेवून त्वचा खाली ओढायची, दुसऱ्या हाताने भुवईच्या वर कपाळाकडे ताण द्यायचा. पहिल्यांदा जाणारीला इथेच घोळ होतो. दुखलं की हात आपोआप सैल पडतो, त्वचा सुरकुतते आणि दोऱ्यात केसाऐवजी त्वचा सापडते. कापल्यासारखी लाल रेघ उठते ती अशी. म्हणून दुखलं तरी ताण सोडायचा नाही. फारच झालं तर तोंडाने ‘थांबा’ म्हणा. ताई दोरा उचलतील, मग हात सोडा. मान झटकू नका.

दोरा चालू लागला की एक किरकिर आवाज येतो. सवय नसेल तर दुखण्यापेक्षा त्या आवाजानेच दचकायला होतं. आधी खालची बाजू होते, मग मधला भाग. शेवटी केस वर विंचरून जे फार लांब असतील त्यांची टोकं कात्रीने कापतात. या कात्रीच्या वेळीही ‘थोडंच’ म्हणून ठेवा. मग आरसा हातात येतो. तो घ्या, खिडकीकडे वळा आणि नीट पाहा. एखादा केस राहिला असेल तर तेव्हाच सांगा.

दुखतं किती, आणि डोळ्यांत पाणी का येतं

दुखतं. ‘मुंगी चावल्यासारखं’ असं सगळ्या जणी सांगतात, पण एक मुंगी नव्हे, ओळीने चावणाऱ्या मुंग्या म्हणा. भुवईच्या टोकाकडे कमी, नाकाजवळ जास्त. पहिल्या वेळी केस दाट आणि रुजलेले असतात म्हणून जास्त जाणवतं. पुढे सवय होते.

डोळ्यांतून पाणी आलं तर त्याला रडणं समजू नका. कपाळ, पापणी, नाक या सगळ्या भागाची संवेदना एकाच मोठ्या चेतातंतूच्या शाखा मेंदूकडे नेतात. तिथे झटका बसला की अश्रुग्रंथी आपोआप पाझरते. कुणाला त्याच कारणाने शिंका येतात. शिंक येणार असं वाटलं तर आधी सांगा.

उपाशीपोटी जाऊ नका. दुखण्याने किंवा नुसत्या भीतीने काहींचा रक्तदाब एकदम उतरतो, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. तसं झालं तर लगेच आडवं व्हायचं, पाय थोडे उंच ठेवायचे. दोन-चार मिनिटांत बरं वाटतं.

जाण्याआधी किंवा झाल्यावर रुमालात गुंडाळलेला बर्फ मिनिटभर फिरवला तर दुखणं आणि लाली दोन्ही कमी होतात. बर्फ थेट त्वचेवर घासू नका.

घरी आल्यावर

केस निघालेल्या जागी बारीक छिद्रं काही तास उघडी असतात, त्यामुळे पहिला दिवस थोडा जपायचा.

हात लावू नका, आरशासमोर चाचपून पाहू नका. थंड पाणी चालतं. गरम वाफ, स्क्रब, ब्लीच, फेशियल नको. कोरफडीचा गर किंवा साधं अ‍ॅलोवेरा जेल लावलं तरी पुरे. लिंबू, हळद, टूथपेस्ट असे प्रयोग त्या दिवशी नकोत. काजळ आणि आयब्रो पेन्सिल दुसऱ्या दिवसापासून.

चिकटणारी टिकली त्या दिवशी दोन भुवयांच्या मध्ये लावू नका. टिकलीच्या काही डिंकांतल्या रसायनामुळे कपाळावर पांढरा डाग पडतो, हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगलं माहीत आहे. केस नुकतेच निघालेल्या जागी तर अशी रसायनं अधिक झोंबतात.

गाडीवर येताना तोंडाला स्कार्फ बांधायची आपल्याकडे सवय आहे आणि उन्हात तो हवाच. पण तो धुतलेला असू द्या. आठवडाभर घामाने भिजलेला स्कार्फ त्या जागेवर घासला की दुसऱ्या दिवशी पुटकुळ्या येतात.

कुणी थांबावं, कुणी विचारावं

डोळे आले असतील, रांजणवाडी असेल, भुवईजवळ फोड, जखम किंवा खरूज असेल तर बरं होईपर्यंत थांबा. तुमचं दुखेल, आणि तुमच्यानंतर त्या खुर्चीवर बसणारीलाही बाधा होईल.

चामखीळ असेल तर त्यावरून दोरा फिरवू देऊ नका. चामखीळ विषाणूने होते आणि दोऱ्याच्या वाटेने ती पसरते. आयब्रोच्या रेषेत ओळीने आलेल्या चामखिळींची नोंद भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी केली आहे. नवा दोरा आणि धुतलेले हात यांवर इतका जोर देण्याचं कारण हेच.

अंगावर कोड असेल किंवा घरात कुणाला असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. कोड असलेल्या काहींच्या त्वचेला जिथे घर्षण किंवा जखम होते तिथे नवा पांढरा डाग उठतो, आणि दोऱ्यानंतर असं झाल्याची उदाहरणं आहेत.

मुरमांसाठी ट्रेटिनॉइनसारखं क्रीम लावत असाल किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू असतील तर त्वचा नाजूक झालेली असते आणि सहज सोलते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका आणि पार्लरमध्येही सांगा. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तरी तेच.

हनुवटीवर आणि ओठांवर राठ केस एकाएकी वाढले असतील, पाळीही अनियमित असेल, तर दोरा हा त्यावरचा इलाज नव्हे. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि आयब्रो केल्यावर दोन दिवसांनीही लाली, सूज किंवा पू दिसत असेल तर घरगुती लेप लावत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

ऐकीव गोष्टी

‘एकदा केलं की केस जाड येतात.’ नाही. केसाची जाडी त्वचेखालच्या मुळात ठरते, दोऱ्याने ती वाढत नाही. रेझरने कापलेला केस बोथट टोकाने वर येतो म्हणून राठ लागतो. दोऱ्याने मुळापासून निघालेला केस निमुळत्या टोकानेच येतो.

‘एकदा केलं की कायम करावं लागतं.’ नाही. सोडून दिलं तर काही आठवड्यांत भुवई पहिल्यासारखी होते. फक्त मधल्या काळात अर्धवट वाढलेले केस दिसतात आणि मन राहत नाही.

‘दृष्टी कमी होते.’ नाही. दोरा त्वचेवर चालतो, डोळ्याशी त्याचा संबंध येत नाही.

‘केस कितीही काढले तरी परत येतातच.’ हे मात्र पूर्ण खरं नाही. वर्षानुवर्षं त्याच जागेचे केस उपटत राहिलं तर काही मुळं कमजोर होतात आणि भुवई कायमची विरळ होते. बारीक भुवयांची फॅशन आली तेव्हा कोरून घेतलेल्या कितीतरी जणी आज पेन्सिलीने भुवया भरताना दिसतात.

पुढची वेळ, आणि बिघडलं तर

दोन-तीन आठवड्यांत बारीक केस दिसू लागतात. बहुतेक जणी महिन्याने जातात, आणि तेच बरं. दर आठवड्याला एखादा केस दिसला म्हणून धावू नका. सगळे केस वर आले तरच आकार नीट दिसतो. मधे एखादा फारच खटकला तर प्लकरने तेवढाच काढा.

पहिल्या वेळेनंतर उजेडात एक फोटो काढून ठेवा. आकार आवडला तर पुढच्या वेळी ताईंना तोच दाखवायचा. पार्लर बदललं, लग्न होऊन गाव बदललं, तरी तो फोटो बरोबर असतो.

बारीक झाल्या, एक वर एक खाली झाली, तर ‘आता सारख्या करा’ म्हणून पुन्हा दोऱ्याखाली बसू नका. दीड-दोन महिने काहीही करू नका. पेन्सिलीने किंवा आयब्रो पावडरने रिकाम्या जागा हलक्या रेघांनी भरा. एरंडेलाने केस भराभर येतात असं म्हणतात. तसा भरवसा धरू नका, पण रात्री बोटाने हलकं लावल्याने केस मऊ राहतात, तेवढं खरं. भुवई पुरती भरली की दुसऱ्या हाताकडे जा.

काम झाल्यावर ताई दोरा गुंडाळून कचऱ्यात टाकतात. पहिल्या वेळी तो टाकण्याआधी एकदा पाहा. त्यावर चिकटलेले केस मोजून वीस-तीस असतील तर ठीक. मग घरी जा. आईने दारातच ‘हे काय केलंस?’ म्हटलं तर जरा जास्तच निघाले समजा. पण आईने एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि ‘आज काहीतरी वेगळं दिसतंय, झोप चांगली झाली का गं?’ एवढंच विचारलं, तर त्या ताईंचा नंबर जपून ठेवा.